डोण कीं गलबत?



आमच्या सुतारकामाच्या वर्गानें एक लहानशी नाव बांधावयाची असा निश्चय झाल्यापासून शाळेंत बोलावयास दुसरा विषय उरलेला नाहीं. वर्गाच्या भिंतीवर तीन नमुन्यांचीं चित्रें टांगलीं आहेत. पहिला नमुना गोल पोटाच्या, उंच नाळेच्या व शिडाच्या गलबताचा. दुसरा लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांस निमुळत्या होत गेलेल्या होडक्याचा. आणि तिसरा सपाट तळाच्या, पुढून चौकोनी कापलेल्या एका साध्या नावेचा. मुलांचीं मतें घेतलीं तेव्हां बहुतेक सर्व हात पहिल्या नमुन्यासाठीं वर झाले, कांहीं थोडे दुसऱ्यासाठीं झाले, आणि तिसऱ्यास जें एक मत पडलें तें माझें. इतक्यावरच भागलें नाहीं. मागच्या बाकावरून कोणी तरी त्या बिचाऱ्या नमुन्याचें बारसेंही करून टाकलें: "सर, ही तर म्हशीची डोण!" सारा वर्ग खदखदून हंसला, आणि खरें सांगावयाचें तर मीही हंसलों.

शेवटची निवड जूनमध्यें शाळा उघडल्यावर व्हावयाची आहे. नावेसाठीं जी वर्गणी जमली ती पालकांच्या कष्टाची आहे. वेळ जाणार तो मुलांचा आहे. आणि पाण्यावर जावयाचें आहे तेंही मुलांनाच. म्हणून ज्या तिसऱ्या नमुन्यास कोणी वाली नाहीं त्याची बाजू सुटीपूर्वीं एकदां नीट मांडावी, आणि मग ज्यानें त्यानें विचार करून मत द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एका पालकांच्या प्रश्नाचें उत्तर देणें अवश्य आहे. त्यांनीं विचारलें, "सिन्नरांत नाव कशाला? येथें उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी टँकरनें येतें." प्रश्न रास्त आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस, पावसाच्या छायेंत पडलेला हा आपला तालुका. देवनदीस पावसाळ्यांत पूर येतो आणि उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत मुलें क्रिकेट खेळतात. तथापि आपल्याच जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही या गांवचें उदाहरण पाहा. त्याही मुलखांत पाण्याचें दुर्भिक्ष. तेथील दत्तू भोकनळ या तरुणानें विहिरी खणण्याचें काम केलें, पुढें तो सैन्यांत गेला, तेथें प्रथम त्याच्या हातीं वल्हीं आलीं, आणि २०१६ मध्यें रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत एकट्यानें नाव वल्हविण्याच्या शर्यतींत तो जगांत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई सामन्यांत चौघांच्या नावेंत बसून त्यानें सुवर्णपदक मिळविलें. तेव्हां कोरड्या गांवांत जन्मलेल्या मुलाचा नावेशीं संबंध काय, असें कोणीं म्हणूं नये.

परंतु याहून निकटचें आणि दुःखाचें कारण दुसरेंच आहे. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शिवारांत जागोजाग शेततळीं झालीं. तीस मीटर लांब, तितकेंच रुंद आणि तीन मीटर खोल असें तळें आतां आपल्या डोळ्यांस नवें राहिलें नाहीं. पाणी मुरूं नये म्हणून त्यांत प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात. त्या कागदावर शेवाळ धरलें म्हणजे उतरत्या कांठावर पाय ठरत नाहीं, आणि आंत पडलेल्या माणसास धरावयास गवताची काडीही मिळत नाहीं. पट्टीच्या पोहणाऱ्यासही तेथून वर येतां येत नाहीं, मग लहान मुलाची काय कथा! आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ अशाच एका तळ्यांत गेला. कांठावर दोन मोठीं माणसें होतीं. त्यांनीं उतरण्याचा प्रयत्न केला; त्यांचेही पाय घसरले; आणि दोर आणण्यासाठीं वस्तीवर धांवलेला माणूस परत येईपर्यंत सर्व संपलें होतें. त्या दिवसानंतर तो विद्यार्थी पंधरा दिवसांनीं शाळेंत आला आणि मला म्हणाला, "सर, आमच्या तळ्यावर एक साधा दोर नव्हता." नाव बांधण्याची कल्पना त्या वाक्यांतून निघाली, हें मुलांस ठाऊक आहे, पालकांस ठाऊक असावें म्हणून येथें लिहितों. आपण पाण्याजवळ राहावयास लागलों, पण पाण्याशीं कसें वागावें हें अजून शिकलों नाहीं.

आतां नमुना निवडण्याच्या मुख्य गोष्टीकडे वळतों. आणि दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक कबूल करतों. सुमारे वीस वर्षांपूर्वीं मी नुकताच नोकरीस लागलों होतों. शाळा दुसऱ्या गांवची होती. तिचें नांव येथें नको, कारण दोष सर्वस्वीं माझा. तेथेंही मीं मुलांकडून नाव बांधवून घेण्याचें मनावर घेतलें, आणि एका विलायती मासिकांतील चित्रास भुलून एक सुंदर, गोल पोटाची नाव पसंत केली. त्या नावेस अकरा बरगड्या होत्या आणि अकराही निरनिराळ्या आकाराच्या. प्रत्येक फळी वाफेवर मऊ करून दोन दिशांनीं वांकवावी लागे. दिवाळीपर्यंत चार बरगड्या झाल्या. नाताळापर्यंत दोन फळ्या तडकल्या. परीक्षा जवळ आली तशीं मुलें एकेक करून येईनाशीं झालीं. ती नाव पाण्यावर कधींच गेली नाहीं. तिच्या सागाच्या फळ्यांचीं पुढें व्हरांड्यांत दोन बाकें झालीं, आणि मुलें त्या बाकांस कितीतरी दिवस 'सरांचें जहाज' म्हणत. मुलांच्या थट्टेचें मला कांहीं वाटलें नाहीं. वाटलें तें याचें कीं, ज्या वीस मुलांनीं माझ्या शब्दावर एक वर्ष खर्चिलें त्यांस मीं अपुऱ्या कामाची संवय लावली.

त्या दिवसापासून माझें मत असें झालें कीं, नावेचें चित्र पाहण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावेत: पाणी कोणतें? बसणार कोण? बांधणार कोण? आणि सांभाळणार कोण? या चारांचीं उत्तरें प्रामाणिकपणें लिहून काढलीं म्हणजे नमुना बहुधा आपोआपच ठरतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला तेव्हां इंग्रजांनीं आपलीं जहाजें आणून त्या बेटास वेढा दिला. इंग्रजांचीं जहाजें मोठीं आणि तोफांनीं सज्ज. मराठ्यांच्या होड्या लहान. परंतु वारा पडला म्हणजे मोठें जहाज जागच्या जागीं खिळून राही, आणि उथळ पाण्यांत त्यास शिरतां येत नसे. उलट त्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत, थोड्या पाण्यांत तरंगत, आणि रात्रीच्या अंधारांत बेटावर सामान पोहोंचवून परत येत. शेवटीं खांदेरी मराठ्यांच्याच हातीं राहिलें. ज्या पाण्यावर काम करावयाचें त्या पाण्यास शोभणारी नाव त्यांच्याजवळ होती, हें त्या यशाचें एक मोठें कारण होय.

मग आपलें पाणी कोणतें? गोदावरी आपल्या उत्तरेस फार दूर नाहीं. तथापि नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय पक्ष्यांचें अभयारण्य आहे आणि तो महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ ठरला. तेथें पक्ष्यांचा हक्क आधीं. आपली नाव मनास येईल तशी लोटावयाची ती जागा नव्हे. आपल्यास उरतें तें बंधाऱ्याचें कमरेइतकें पाणी आणि शेततळें. बंधाऱ्याच्या पाण्याखालीं गाळ व दगड असतात. खोल कण्याची नाव तेथें रुतून बसेल. शेततळ्यांत तर अणकुचीदार कणा किंवा बाहेर आलेला एखादा खिळा त्या कागदास फाडील, आणि शेतकऱ्याचें वर्षाचें पाणी जमिनींत जाईल. शिडाचें म्हणाल तर तीस मीटरांच्या तळ्यांत शीड उभारून वळवीपर्यंत दुसरा कांठ येतो! म्हणजे सपाट तळ, गोलसर घांसलेल्या कडा, बाहेर एकही खिळा नाहीं आणि दोन वल्हीं, एवढें या पाण्याचें मागणें आहे.

दुसरा प्रश्न बसणाऱ्यांचा. आपल्या नावेंत आठवी-नववीचीं मुलें बसणार, आणि तीं स्वस्थ बसणार नाहींत. येथें थोडें गणित करूं. तिसऱ्या नमुन्याचा तळ एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ १·६२ चौरस मीटर. अशी नाव पाण्यांत एक सेंटिमीटर बुडाली कीं सोळा लिटरांहून थोडें अधिक पाणी बाजूस सारते, अर्थात् सोळा किलोंहून थोडें अधिक ओझें पेलते. हा आर्किमिडीजचा नियम तुम्ही पाठ केलाच आहे, आतां तो उपयोगांत आणा. नावेचें वजन चाळीस किलो धरलें आणि पंचेचाळीस किलोंचीं तीन मुलें बसविलीं तर एकूण एकशें पंचाहत्तर किलो झाले. त्यास नाव सुमारे अकरा सेंटिमीटर बुडेल. तिच्या बाजू चाळीस सेंटिमीटर उंच असल्यामुळें पाण्याच्या वर एकोणतीस सेंटिमीटर लांकूड शिल्लक राहील. हें समाधानकारक आहे.

लवंडण्याचा हिशेब याहूनही महत्त्वाचा आहे. ओझें व लांबी तीच ठेवून नावेची रुंदी वाढविली तर, ती किंचित् कलली असतां तिला सरळ करणारें बळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. दुसऱ्या नमुन्याचें होडकें साठ सेंटिमीटर रुंद आहे. आपली डोण नव्वद, म्हणजे दीडपट. दीडाचा घन करून पाहा: तिपटीहून अधिक भरतो. होडकें वेगानें जाईल यांत शंका नाहीं. परंतु ज्या मुलानें उभ्या जन्मांत नावेंत पाय ठेवला नाहीं त्यास वेगापेक्षां हा तिपटीचा आधार अधिक हवा आहे. बायबलांतील नोहाच्या तारवाची गोष्ट आमच्या शाळेंत सर्वांस माहीत आहे. तें तीनशें हात लांब, पन्नास हात रुंद व तीस हात उंच होतें असें सांगितलें आहे. पण त्यास शीड, सुकाणूं किंवा वल्हीं असल्याचा कोठेंही उल्लेख नाहीं. कारण उघड आहे: त्यास कोठें जावयाचें नव्हतें, आंतील जीव तगेपर्यंत तरंगत राहावयाचें होतें. कार्य ओळखून केलेला नमुना तो असा.

तिसरा प्रश्न बांधणाऱ्यांचा, आणि माझा जुना पराभव याच प्रश्नापाशीं झाला. १९४७ मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत क्लिअरवॉटर गांवच्या लोकांस आपल्या मुलांसाठीं एक शिडाची नाव हवी होती. त्यांची अट अशी कीं खर्च पन्नास डॉलरांच्या आंत असावा आणि बाप-लेकांस ती घरीं बांधतां यावी. क्लार्क मिल्स नांवाच्या कारागिरानें आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून निघेल अशी नाव आंखली. आठ फुटांत टोंकदार नाळ बसविली तर आंत बसावयास जागा राहत नाहीं, म्हणून त्यानें पुढील तोंड चौकोनी कापून टाकलें. ती नाव दिसावयास एखाद्या खोक्यासारखी. पण 'ऑप्टिमिस्ट' या नांवानें ती आज शंभरांहून अधिक देशांत पंधरा वर्षांपर्यंतचीं मुलें चालवितात. आमच्या तिसऱ्या नमुन्याचें चौकोनी तोंड त्याच घराण्याचें आहे. फरक इतकाच कीं आपल्या पाण्यास शिडाची गरज नसल्यामुळें तें आपण सोडलें.

बांधण्याची रीतही मुलांच्या हातास झेपणारी आहे. पाण्यास टिकणारें, आयएस ७१० असा शिक्का असलेलें सहा मिलिमीटर जाडीचें प्लायवूड घ्यावयाचें. कागदावरील मापें त्यावर उतरून तुकडे कापावयाचे. कडांस बारीक भोकें पाडून ते तुकडे तांब्याच्या तारेनें एकमेकांस शिवावयाचे. मग आंतून सांध्यांत एपॉक्सी भरून वर कांचतंतूची पट्टी चिकटवावयाची, आणि तें घट्ट झाल्यावर तारा कापून टाकावयाच्या. एपॉक्सीचें काम मोकळ्या हवेंत व हातमोजे घालूनच करावयाचें. वांकवावयाची बरगडी एकही नाहीं. त्याही आधीं पुठ्ठ्याची दहाव्या हिश्शाची प्रतिकृति करून पाहावयाची, म्हणजे चूक झाली तर पुठ्ठा वायां जाईल, प्लायवूड नव्हे.

येथें कोणी म्हणेल, "चित्र सुंदर आहे, मग तसेंच बांधूं या." पण चित्र म्हणजे आराखडा नव्हे. भारतीय नौदलाच्या 'कौंडिण्य' या शिवलेल्या जहाजाचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रांत जुनें गलबत रंगविलेलें आहे. त्यावरून तसें जहाज पुन्हां बांधावें असें ठरलें. चित्रकारानें रूप दिलें होतें. मापें, वजन, पाण्यांतील खोली यांपैकीं कांहींच दिलें नव्हतें. म्हणून जाणत्यांनीं तीं सर्व नव्यानें मांडलीं, मद्रासच्या आय.आय.टी.ची मदत घेऊन प्रतिकृति पारखल्या, आणि मगच केरळच्या कसबी कारागिरांनीं गोव्यांत फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवल्या. मे २०२५ मध्यें कारवार येथें तें जहाज नौदलांत दाखल झालें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून निघून पुढील जानेवारींत मस्कतला पोहोंचलें. एवढ्या मोठ्या नौदलासही चित्रावरून थेट करवत चालवितां आली नाहीं; आपण तर आठवड्यास दोन तास सुतारकाम करणारे लोक आहों.

याच प्रश्नावर आणखी एक गोष्ट सांगतों, कारण तिची सुरुवात आपल्या मुंबईंत झाली. १९६० नंतरच्या दशकांत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाचा एक तरुण इंग्रज व्यापारी जहाजांवर अधिकारी होता. त्यानें मुंबईंत नाव बांधावयाचें ठरवून विलायतेहून आराखडा मागविला. आला तो मागविलेला नव्हताच. एका जुन्या, जड, मंद चालीच्या नावेचा आला. दुसरा मागविण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यानें तोच स्वीकारला, आणि मुंबईच्या सुतारांनीं वाकस व साधीं हत्यारें चालवून सागवानाची बत्तीस फुटांची 'सुहेली' उभी केली. १९६८ मध्यें एकट्यानें, कोठेंही न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली तेव्हां नऊजण निघाले. त्यांपैकीं पूर्ण करून आला तो एकटा नॉक्स-जॉन्स्टन, तीनशें बारा दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं.

त्याच शर्यतींत डोनाल्ड क्रोहर्स्ट नांवाचा एक हुशार गृहस्थ होता. त्यानें वेगाच्या लोभानें तीन तळांची नवी नाव घेतली. ती घाईनें बांधली गेली. अनेक कामें अपुरीं राहिलीं. आणि मुदतीच्या अखेरच्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं, तो तशीच घेऊन निघाला. नाव महासागरास टिकणार नाहीं हें त्यास लौकरच कळलें. परत फिरण्याची लाज वाटली. आपण कोठें आहों याविषयीं तो खोट्या बातम्या धाडीत राहिला. आणि जुलै १९६९ मध्यें त्याची नाव समुद्रांत सांपडली तेव्हां तींत कोणी नव्हतें. नॉक्स-जॉन्स्टननें आपल्या बक्षिसाचे पांच हजार पौंड त्याच्या कुटुंबास देऊन टाकले. जुनें तें सर्व चांगलें, असें तात्पर्य मी यांतून काढीत नाहीं; कारण माझा स्वतःचा नमुना प्लायवूडचा व नव्या रीतीचा आहे. तात्पर्य एवढेंच कीं, पूर्ण झालेली साधी नाव माणसास घरीं आणते, आणि अपुरी राहिलेली भव्य नाव माणसास प्रथम खोटें बोलावयास लावते.

चौथा प्रश्न सांभाळणाऱ्यांचा. उत्साहाच्या भरांत हा कोणी विचारीत नाहीं. आपल्याकडे नाव वर्षांतले कित्येक महिने कोरडी पडून राहणार. फळ्या जोडून केलेली गोल नाव पाण्यांत असते तोंवर फळ्या फुगून सांधे घट्ट राहतात. सिन्नरच्या उन्हांत ती दोन महिने ठेवली कीं लांकूड आकसून सांधे उघडतील, आणि पुन्हां पाण्यांत घालतांच ती चाळणीप्रमाणें गळेल. प्लायवूडची नाव, कडांस रंग नीट बसलेला असल्यास, हें सोसते. शिवाय चाळीस किलोंची नाव चार मुलें उचलतील, भिंतीशीं उपडी ठेवतील, आणि वेळ पडल्यास एखाद्या पालकांच्या पिकअपमध्यें ती सहज मावेल. तिच्या बाकांखालीं दोन लिटरांच्या घट्ट बुचाच्या चाळीस रिकाम्या बाटल्या बसविल्या तर नाव पाण्यानें भरली तरीही त्या सुमारे ऐंशी किलोंचा उचल देतील, आणि मुलांस धरून राहावयास आधार उरेल. हा विमा रद्दीवाल्याच्या दुकानांत मिळतो!

माझें म्हणणें वर्गांत थोडक्यांत सांगितलें तेव्हां एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, "मग सर, सुंदर नाव कधींच बांधावयाची नाहीं का?" हा प्रश्न मला निरुत्तर करणारा वाटला, आणि अजूनही त्याचें पुरतें उत्तर माझ्यापाशीं आहे असें नाहीं. सौंदर्याची ओढ ही ईश्वरी देणगी आहे. आपल्या गोंदेश्वराच्या देवळाचें शिखर ज्या हातांनीं घडविलें त्यांस केवळ ऊनपाऊस अडविणें पुरेसें वाटलें नव्हतें. मीही तुम्हांस केवळ उपयुक्ततेचे गुलाम करूं इच्छीत नाहीं. परंतु मला वाटतें, ज्या हातांनीं तें शिखर घडविलें त्यांनीं आधीं कितीतरी साधे, चौकोनी दगड नीट घडविले असले पाहिजेत. पहिली नाव साधी असूं द्या. तिच्यांत सांधा घट्ट करावयास शिका. वल्हें हातांस रुळूं द्या. दुसऱ्या नावेच्या वेळीं त्या मुलीनें नमुना निवडावा, आणि मी रंधा घेऊन तिच्या हाताखालीं उभा राहीन.

आणि आतां जें मला सर्वांत अधिक सांगावयाचें आहे तें सांगतों. नावेनें शेततळ्यांतील अपघात टळतील अशी माझी भाबडी समजूत नाहीं. मूल पाण्यांत पडतें तेव्हां मिनिटांचा प्रश्न असतो. शाळेंतील नाव तेथें पोहोंचेपर्यंत उशीर झालेला असेल. त्या वेळीं उपयोगी पडतो तो कांठावर खुंटीस बांधलेला गांठींचा दोर, पाण्यांत सोडलेली एखादी शिडी, आणि दोराच्या टोंकास बांधलेला एक रिकामा डबा किंवा ट्यूब. आपल्या आजोबांच्या पिढींत मुलें विहिरींत पोहावयास शिकत तीं पाठीस वाळलेला भोपळा बांधून. तरंगणाऱ्या वस्तूचें मोल त्या पिढीस ठाऊक होतें. गलबताचा नमुना घेतला तर वर्गाचे सर्व दिवस व सर्व पैसे त्यांतच जातील, आणि तरीही तें पुरें होईल याची खात्री नाहीं. डोणीचा नमुना घेतला तर माझ्या अंदाजानें दिवाळीपूर्वीं ती पाण्यावर जाईल; वर्गणींतील पैसे शिल्लक राहतील; आणि उरलेल्या दिवसांत आपण ज्या ज्या विद्यार्थ्याच्या घरीं शेततळें आहे त्याच्यासाठीं एक दोर, एक शिडी व एक तरंगता डबा करून देऊं. साध्या नमुन्याच्या बाजूनें माझा सर्वांत मोठा पुरावा हाच.

मत मात्र तुमचेंच. जूनमध्यें पुन्हां हात वर होतील तेव्हां प्रत्येकानें आपल्या वहींत चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून आणावींत. ज्याच्याजवळ उत्तरें नसतील त्याचा हात मोजला जाणार नाहीं. उत्तरें देऊनही बहुमत गलबताकडे गेलें तर मी कुरकुर न करतां तुमच्याबरोबर बरगड्या वांकवावयास येईन. एका गोष्टीवर मात्र मतदान नाहीं: लाइफ जॅकेट घातल्यावांचून आणि मोठें माणूस कांठावर दोर घेऊन उभें असल्यावांचून कोणीही नावेंत पाऊल ठेवावयाचें नाहीं, मग ती डोण असो कीं गलबत.

पालकहो, निवड जूनमध्यें आहे, पण सुटी आधीं आहे. मुलें घरीं असतील, ऊन असेल, आणि तळें जवळ असेल. नाव कोणतीही ठरो. तोंवर आपल्या तळ्याच्या कांठीं आजच एक खुंटी ठोका आणि तिला एक बळकट दोर बांधून ठेवा. त्यासाठीं कोणताही नमुना निवडावा लागत नाहीं.

राहतां राहिलें डोण या नांवाचें. जनावरांस जींत पाणी पाजतात ती डोण, आणि लांकडाचा गाभा कोरून केलेली होडी ती डोणी; हे दोन शब्द मला तरी सख्ख्या बहिणी वाटतात. एक पाणी आंत धरते, दुसरी पाणी बाहेर ठेवते. पण दोघींचेंही काम जीव जगविण्याचेंच. मागच्या बाकावरच्या मुलानें थट्टेंत ठेवलेलें हें नांव मला इतकें आवडलें आहे कीं, तिसरा नमुना निवडला गेल्यास नावेच्या चौकोनी तोंडावर तें सुबक अक्षरांत रंगविण्याचें काम त्याच मुलाकडे द्यावें, अशी माझी सूचना आहे.